आवडेल तेथे प्रवास



शनिवारी सकाळी नसरापूरच्या फाट्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की सुट्टी कुणाला आहे ते समजतं. पुण्याकडून आलेल्या गाड्या हायवे सोडून आत वळतात. कुणी बनेश्वरला थांबतं, कुणी थेट आंबवण्यावरून मार्गासनी गाठतं. मार्गासनीला काही गाड्या राजगडासाठी गुंजवण्याकडं फुटतात, बाकीच्या विंझरवरून वेल्ह्यात येतात, तोरण्याच्या पायथ्याशी. पाऊस असला तर केळदकडं, मढे घाटाच्या वाटेला नुसती रांग. त्याच वेळी उलट दिशेनं जाणाऱ्या एसटीत आपली एखादी मावशी बसलेली असते. मांडीवर पिशवी, पिशवीत दवाखान्याचे कागद.

दोघंही प्रवासच करतायत. पण गाडीतल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, फिरायला आलोय. मावशी म्हणेल, कामाला चाललेय बाई. आज मला या फरकाबद्दल बोलायचंय.

गेले काही महिने बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की मी दोन प्रश्न विचारते. पहिला सोपा असतो: गेल्या वर्षभरात गाव सोडून कुठं कुठं जाऊन आलात? उत्तरं धडाधड येतात. भाच्याचं लग्न, चुलत सासऱ्यांचं दहावं, लेकीचं बाळंतपण, सासूबाईंचा मोतीबिंदू, तहसीलमधला दाखला, बँक, बाजार, जेजुरी, मांढरदेवी. मोजायला लागलं तर बोटं पुरत नाहीत. म्हणजे आपण घरकोंबड्या आहोत हे साफ खोटं आहे. मग दुसरा प्रश्न: तुम्हाला स्वतःला कुठं जायला आवडेल? इथं सगळ्या गप्प. एकमेकींकडं बघतात, हसतात, पदर सारखा करतात. मग कुणीतरी म्हणतं, "जिथं नेतील तिथं." दुसरी म्हणते, "कुठंही चालतंय की."

हाच प्रश्न कॉलेजातल्या पोराला विचारा. तो विचारही न करता गोवा म्हणेल. लहान पोरं वॉटर पार्क म्हणतील. घरातल्या बाप्यांनाही बहुतेक ठाऊक असतं, कुणाला कोल्हापूर, कुणाला नुसतं मित्राच्या शेतावर कोंबडं कापून बसायचं असतं. आपल्यालाच ठाऊक नाही, असं कसं?

याचं साधं कारण असं, की आवड ही निवड करून करून तयार होते. लहानपणापासून तुम्हाला कधी विचारलंच नाही की वांग्याची भाजी हवी का भेंडीची, तर मोठेपणी तुम्ही म्हणणार, काहीही चालेल. प्रवासाचं तेच झालंय. आपण कुठं जायचं हे लग्नपत्रिका ठरवते, आजार ठरवतो, देवाचा नवस ठरवतो. जाण्याला कारण लागतं, आणि कारण दुसऱ्याचं असतं. ज्या दिवशी कारण नसेल त्या दिवशी आपण घरी.

आता कुणी म्हणेल, आपल्या बायकांना फिरायची हौसच नव्हती पहिल्यापासून. हे मला पटत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या दोघांनी 1980 नंतरच्या काळात आपल्या शेजारच्या मुळशी-मावळपासून सुरुवात करून गावोगाव जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. त्यात घर, भाऊ, लेक, सासुरवास तर आहेच, पण पंढरी, आळंदी, तुळजापूर, देहू अशी गावंच्या गावं आहेत. दळणारी बाई पहाटे एका जागी बसलेली, हातात खुंटा, आणि मनानं ती चंद्रभागेच्या वाळवंटात. जात्याभोवती फिरत फिरत आपल्या आज्ज्यांनी अख्खा महाराष्ट्र पालथा घातलाय. हौस नसती तर हे झालं असतं का?

आणि माहेर. आपल्या प्रवासातला सगळ्यात लाडका प्रवास. पंचमीला भाऊ न्यायला येणार, दिवाळीला चार दिवस मिळणार, तिथं कुणी उठवणार नाही. खरं तर माहेरपण हीच आपली जुनी हक्काची सुट्टी. पण तीही आता पहिल्यासारखी राहिली नाही. भावजय नोकरीला जाते, मुलांचे क्लास असतात, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आपल्या भागात तर आणखी एक गोष्ट झाली. कितीजणींचं माहेर पानशेतच्या, वरसगावच्या पाण्याखाली गेलं. भाऊ दौंडकडं गेले, नवी घरं झाली, तिथं गेलं तर पाहुणचार होतो, नाही असं नाही. पण ज्या ओढ्यावर धुणं धुतलं, ज्या आंब्याखाली खेळलं, ते आता धरणात. शनिवार-रविवार त्याच पाण्यावर लोक बोटीत बसून फोटो काढतात. त्यांचं काही चुकत नाही, त्यांना काय माहीत खाली काय आहे ते. पण एक आज्जी मला म्हणाल्या की पानशेतला सहल न्यायची असेल तर मला नका नेऊ. मला वाटतं, आमच्या सगळ्या बैठकांमध्ये स्वतःची आवडनिवड इतकी स्पष्ट सांगणाऱ्या त्या एकट्याच.

सुट्टी हा शब्दच मुळात आपल्याकडं उशिरा आला. शेतात रविवार नसतो. पोळ्याला, बेंदराला बैलाचं जू उतरायचं, तेवढी बैलाला सुट्टी. त्या दिवशी बाईला पुरणपोळीचा घाणा. आठवड्याची सुट्टी ही गिरण्यांनी आणली, आणि तीही मालकांनी आपणहून दिली नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे नावाचे कामगार पुढारी होते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधु' हे पत्र चालवायचे. गिरणी कामगाराला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळावा म्हणून ते वर्षानुवर्षं झगडले. 1890 च्या एप्रिलमध्ये मुंबईत कामगारांची मोठी सभा झाली, तिच्यात दोन कामगार बायकाही उठून बोलल्या. त्या काळात, हजारो पुरुषांच्या पुढं! मग 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी जाहीर झाली. आज आपली पोरं रविवारी उशिरापर्यंत लोळतात, त्यामागं हे सगळं आहे. पण त्या दोघी बोलून, सुट्टी मिळवून घरी गेल्या असतील तेव्हा चूल वाट बघत असणारच. गिरणीला रविवार मिळाला, चुलीला अजून मिळायचाय.

फ्रान्समध्ये 1936 साली कायदा झाला, कामगारांना वर्षाला दोन आठवडे सुट्टी आणि त्या दिवसांचा पगारही. त्या उन्हाळ्यात कितीतरी कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. हे वाचताना मला आपला मढे घाट आठवतो. कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण पसरलेलं दिसतं. इतक्या जवळ राहून समुद्र न पाहिलेल्या किती बायका आपल्या तालुक्यात असतील?

आपल्याकडचे मुंबईला असलेले पुरुष सुट्टी घेतात ती बहुतेक चैत्र-वैशाखात, गावच्या जत्रेला. मुंबईचे डबेवाले बघा. त्यातले पुष्कळसे आपल्यासारख्याच मावळपट्ट्यातले. एप्रिलच्या सुमाराला ते आठवडाभर डबे बंद ठेवून गावी जत्रेला येतात. साऱ्या मुंबईला माहीत असतं. छान गोष्ट आहे. फक्त एवढं लक्षात घ्या, की घरात दहा माणसं जास्त आली की ती सुट्टी कुणाची आणि ओव्हरटाइम कुणाचा.

आता आपल्या कॅलेंडरकडं येऊ, कारण कुठं जायचं याच्या आधी कधी जायचं हे बघावं लागतं. आणि इथं आपली अडचण देशावरच्या बायकांपेक्षा वेगळी आहे.

वारीचंच घ्या. पंढरीची वारी म्हणजे बाईला घरातून पंधरा-वीस दिवस मानानं बाहेर पडता येणारी एकमेव वाट. कुणी नाव ठेवत नाही, उलट सासरे पाया पडतात. डोक्यावर तुळस घेऊन शेकडो बायका चालतात. पण आपल्या भागातून आषाढीला बायका कमी का जातात याचा विचार केलाय? देशावर पाऊस पडला, पेरणी झाली, की शेतकरी थोडा मोकळा. पिकं उगवेपर्यंत चालत पंढरीला जाऊन येता येतं. आपलं पीक भात. आषाढात राबातली रोपं उपटायची आणि चिखलात लावणी करायची. इरलं पाठीवर घेऊन दिवसभर वाकलेलं. कार्तिकीला जावं म्हटलं तर भाताची कापणी, झोडणी. म्हणजे पंढरीच्या दोन मोठ्या एकादशा आपल्या दोन मोठ्या कामांवरच येतात. आपली भक्ती कमी आहे असं नाही, आपलं पीक वेगळं आहे.

गंमत अशी, की ज्या पावसात आपण चिखलात असतो त्याच पावसात पुण्याचे लोक आपल्याकडं सुट्टीला येतात. आपल्या कामाचा हंगाम हा त्यांच्या मौजेचा हंगाम. बांधावर उभं राहून ते आपल्या लावणीचेही फोटो काढतात.

मग आपला मोकळा काळ कुठला? माघानंतर राब भाजायची कामं, लाकूडफाटा, मग जत्रा, मग लग्नसराई. वैशाखात पाण्याची ओढाताण. इतकी धरणं उशाला असून वाडीवरच्या बायकांना उन्हाळ्यात हंडा घेऊन फिरावं लागतं, त्या काळात घर सोडणं अवघड. सगळं वजा करत गेलं की उरतो पौष. भात घरात आलेलं असतं, हवा थंड असते, आणि पौषात लग्नं नसतात. या महिन्याला आपण भाकड म्हणतो, शुभकार्याला चालत नाही म्हणून नावं ठेवतो. मला तर तो बाईसाठी सोन्याचा महिना वाटतो. आमंत्रण नाही, आहेर नाही, रुसवेफुगवे नाहीत. इंग्रजी महिन्यानं डिसेंबरअखेर ते जानेवारी. अधिक महिना आला तर थोडं मागं-पुढं होतं, तेवढं पंचांगात बघून घ्या.

आता मूळ प्रश्न. आपल्याला काय आवडतं हे ओळखायचं कसं?

ठिकाणाच्या नावापासून सुरुवात करू नका. नाव विचारलं की आपण ऐकलेलीच नावं सांगतो, शिर्डी, महाबळेश्वर. त्यापेक्षा मागं झालेले प्रवास आठवा आणि त्यातला कुठला तुकडा बरा वाटला होता ते बघा. एका गटात मी असं विचारलं, तर एक काकू म्हणाल्या, जेजुरीला दर्शनापेक्षा मला गड चढायला मजा आली, पायऱ्या चढताना घाम आला, वर वारं लागलं, ते आवडलं. म्हणजे काकूंना चढायला आवडतं! पन्नाशी उलटलेल्या काकू, रोज डोंगर तुडवणाऱ्या, त्यांना कुणी गिर्यारोहणाची हौस आहे असं कधी म्हटलं नसतं. दुसरीला आवडला होता तो लेकीच्या बाळंतपणाच्या वेळचा रेल्वेचा प्रवास. खिडकीशी बसून चार तास कुणी काही मागितलं नाही, एवढंच. तिला ठिकाण नकोच आहे, तिला लांबचा, बसून करायचा प्रवास हवाय. तिसरीला लग्नाला गेलेल्या गावची बाजारपेठ आवडली, भांडी बघायला. एकीला कुठं गेलं की तिथलं जेवण आयतं मिळतं हेच मोठं वाटतं. ठिकाण कुठलंही असो, ताट समोर यावं. हसू नका, ही पण आवडच आहे आणि फार रास्त आवड आहे.

कुणाला गर्दी लागते, कुणाला गर्दीत जीव घुसमटतो. कुणी नव्या जागी लगेच झोपतं, कुणाला तीन रात्री झोप नाही. हे माहीत नसलं की चुकीच्या सहलीला जाऊन आपण म्हणतो, मला मेलं फिरणंच नको. फिरणं नको नसतं, ती सहल नको असते.

स्पष्टच बोलते. पाच दिवसांत अकरा देवस्थानं अशा ज्या गाड्या निघतात, त्या मला फारशा आवडत नाहीत. रात्रभर गाडी चालते, पहाटे कुठल्यातरी घाटावर गार पाण्यानं अंघोळ, रांग, दोन सेकंद दर्शन, परत गाडीत. घरी येईस्तोवर पाय सुजलेले आणि कुठल्या देवळात काय होतं ते आठवत नाही. ज्यांना यातून समाधान मिळतं त्यांनी जरूर जावं. पण देव एकच बघा आणि त्याच्या गावात एक रात्र राहा, असं माझं मत आहे. देवळाच्या मागच्या गल्लीत काय विकतात, संध्याकाळी नदीवर कसं वाटतं, हे रात्र काढल्याशिवाय कळत नाही.

बायकांनी एकटीनं किंवा बायकाबायकांनी जाणं ही काही आजची टूम नाही. पंडिता रमाबाई लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करत देशभर पायी हिंडल्या. पुढं 1883 साली इंग्लंडला गेल्या, तिथून अमेरिकेला, आणि 1889 साली अमेरिकेतल्या प्रवासावर आणि तिथल्या लोकांवर मराठीत पुस्तक लिहिलं. अलीकडं केसरीसारख्या टूर कंपन्यांनी फक्त बायकांच्या सहली काढल्या, त्यांना भरभरून बायका मिळाल्या. त्यातल्या पुष्कळजणी पहिल्यांदाच घर सोडून निघालेल्या असतात. ते पैसे आपल्या आवाक्यातले नाहीत, पण कल्पना आवाक्यातली आहे.

आता थोडं शरीराबद्दल, कारण "मला नाही यायचं" याच्या मागं पुष्कळदा शरीराची भीती असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही.

पहिली भीती गाडी लागण्याची. घाटात उलटी होते म्हणून कित्येकजणी कायमच्या घरी बसतात. हे का होतं ते ऐका. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. गाडी वळते, हलते, ते त्याला कळतं. पण डोळे जर समोरच्या सीटकडं किंवा मोबाईलकडं बघत असतील तर ते मेंदूला सांगतात, आपण स्थिर आहोत. दोघांची साक्ष जुळत नाही, मेंदू गोंधळतो, आणि मळमळतं. म्हणून मागच्या चाकावरच्या सीटवर बसू नका, पुढं बसा. खिडकीतून लांब, डोंगराच्या कडेकडं बघा. उपाशी निघू नका आणि तट्ट जेवूनही निघू नका. आलं, लिंबू, आवळासुपारी यांनी बऱ्याचजणींना बरं वाटतं. गोळी घ्यायची तर ती निघायच्या आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर नाही. आणि गरोदर असाल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

दुसरी अडचण लघवीची. जागा मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, ही आपली सवय. त्यानं डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि मग म्हणायचं प्रवास मानवत नाही. पाणी थोडं थोडं पीत राहा आणि गाडी जिथं थांबेल तिथं, लागली असो वा नसो, जाऊन या. गटानं जाताना हे सोपं होतं, एक दारात उभी राहते, एक पिशव्या सांभाळते.

तिसरी गोष्ट जरा गंभीर आहे. देवाला जायचंय म्हणून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणायच्या, हे सर्रास चालतं. एकीला चालल्या म्हणून दुसरी तेच पाकीट घेते. मैत्रिणींनो, ही हार्मोनची गोळी आहे, ती सगळ्यांना चालत नाही. ज्यांच्या पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, ज्यांना यकृताचा त्रास असेल, त्यांना ती धोक्याची ठरू शकते. बीपी असेल, अर्धशिशी असेल, अंगावर पाजत असाल, तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. ती पाळी यायच्या काही दिवस आधी सुरू करावी लागते, ऐन वेळी घेऊन उपयोग नसतो, आणि बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. गोळी घेताना पाय सुजून दुखायला लागला, छातीत दुखलं, दम लागला, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. आणि एक सुचवू? सहलीची तारीख ठरवायच्या आधी सगळ्यांनी आपापल्या तारखा सांगा. गोळीची गरजच पडणार नाही. शिवाय समुद्र आणि गड यांना पाळीचं काही सोयरसुतक नसतं.

आता पैसे. एसटी सुरू झाली 1 जून 1948 ला, पहिली गाडी पुणे ते अहमदनगर. त्या एसटीनं 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट केलंय, हे तुम्हाला माहीतच आहे, आपण रोज घेतो. पण त्यातल्या बारीक गोष्टी सगळ्यांना माहीत नसतात. ही सवलत साध्या गाडीपासून शिवनेरीपर्यंत सगळ्या एसटी गाड्यांना आहे. ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे, पुढच्या राज्यातलं पूर्ण भाडं पडतं. ती पीएमपीच्या बसला नाही. पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास 2022 च्या ऑगस्टपासून फुकट आहे. म्हणजे सासूबाई बसल्या तर त्यांचं तिकीटच नाही, त्यांना घरी ठेवायला पैशाचं कारण उरत नाही! रेल्वेत मात्र ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, त्यामुळं जुन्या आठवणीवर हिशोब करू नका.

एसटीची आणखी एक योजना आहे, 1988 पासूनची. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि तेवढ्या दिवसांत हवं तिकडं जायचं. पासाचे दर बदलत असतात, डेपोत विचारा, आणि अर्ध्या तिकिटाचा हिशोब स्वस्त पडतो का पासाचा ते आधी मांडून बघा. मला त्या योजनेचं नाव फार आवडतं: आवडेल तेथे प्रवास. सरकारी कागदावर इतकं गोड नाव क्वचितच सापडतं. पास काढायला खिडकीशी गेलं आणि आतल्या माणसानं विचारलं, "कुठं जाणार?", तर आपल्याकडं उत्तर पाहिजे.

गटातल्या बारा जणींनी महिन्याला शंभर रुपये वेगळे टाकले तर दहा महिन्यांत बारा हजार होतात. भिशीसारखंच, फक्त एकीनं उचलायचं नाही, सगळ्यांनी मिळून खर्चायचं. अर्ध्या तिकिटात बारा जणींचं दोन दिवसांचं जाणं-येणं, एका रात्रीचा भक्तनिवास आणि दोन वेळचं जेवण यात बसवता येतं, जरा जवळचं ठिकाण धरलं तर. महाड धरा. भोरवरून वरंध घाट उतरलं की महाड. पावसाळ्यात हा घाट बंद ठेवतात, पण आपण पौषात जाणार. महाडला चवदार तळं आहे, जिथं 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याचा सत्याग्रह केला. पाण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईनं ते तळं बघावंच. तिथून रायगड जवळ, गुडघे दुखणाऱ्यांसाठी रोपवे आहे. वेळ उरला तर शिवथरघळ.

आणि अगदीच पैसे नसले तर आपले गड आहेत. तालुक्याचं नाव राजगड करायचं 2024 साली राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं. 2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात राजगड आहे. तोरणा त्या यादीत नाही, पण 1403 मीटर उंचीचा, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला तोच. जगभरातून लोक येणार. आपल्यातल्या कितीजणी पद्मावती माचीवर जाऊन आल्यात? काहीजणी दर रविवारी ताक, लिंबूसरबत घेऊन निम्मा गड चढतात, तिथं बसतात, विकतात आणि उतरतात. वर बालेकिल्ल्यापर्यंत कधी गेलाच नाहीत असं त्यातल्या एकीनं सांगितलं. कशी जाणार, हंडा कुणाकडं ठेवणार? एखाद्या मधल्या वारी, गर्दी नसताना, हंडा घरी ठेवून, भाकरी बांधून जायचं. मेंगाईला नमस्कार करायला तोरण्यावर जातोच की आपण, मग देवळाच्या पुढं बुधला माचीकडंही चार पावलं टाकायची.

घरी काय सांगायचं, हा प्रश्न राहिलाच. दोन दिवस स्वयंपाकाचं कोण बघणार? काही गटांनी यावर तोडगा काढलाय. निम्म्या आधी जातात, निम्म्या मागून, आणि मागं राहिलेल्या शेजारणीच्या घरचं ताट बघतात. हे चालतं. पण घरच्यांना दोन दिवस भात-पिठलं करता येतं का, तेही एकदा बघायला हरकत नाही. जनावरांच्या धारांचं मात्र आधीच ठरवून ठेवा, म्हैस प्रत्येकाला हात लावू देत नाही.

तर येत्या बैठकीत हप्त्याच्या वहीचं मागचं एक पान यासाठी ठेवा. प्रत्येकीचं नाव, आणि नावापुढं तिला काय हवंय ते: चढायचं, बसायचं, समुद्र, बाजार, आयतं जेवण, जे असेल ते तिच्याच शब्दांत. लिहिता येत नसेल तिचं दुसरीनं लिहावं, पण तिला विचारून. दोघींचं सारखं आलं तर चालेल. 'कुठंही' असं मात्र कुणाच्याही नावापुढं लिहायचं नाही.